रेषा ओलांडली की एक

मोजणीमामांच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्यापेक्षा जाड होता. तीस वर्षं तो एकच काम करत आला होता : तळहातात मावणाऱ्या पोलादी काउंटरचं बटण दाबायचं. गाडी गेली, दाबलं. दुसरी गेली, दाबलं. नगरपालिकेच्या रस्ते विभागात आराखडे काढणारे होते, आराखड्यांवर शेरे मारणारे होते, शेऱ्यांची नोंद ठेवणारे होते. पण रस्त्यावर खरोखर किती गाड्या धावतात हे ठाऊक असलेला माणूस एकच, आणि त्याला बसायला विभागाने एक घडीची खुर्ची दिली होती. तिची मधली पट्टी तुटलेली होती. नव्या खुर्चीसाठी मामांनी नोकरीच्या अकराव्या वर्षी अर्ज केला होता. तो अजून विचाराधीन होता.

माणूस सरळ. इतका सरळ की शेजाऱ्यांना त्याचा ताप व्हायचा. नव्या घरात राहायला आले त्याच दिवशी त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं की जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. शेजारी तिथे बावीस वर्षं राहत होते आणि अठरा धरून चालत होते. त्या कुटुंबाने पुढे बरेच दिवस मामांशी बोलणं टाकलं. मामींचं म्हणणं असं, की लग्नाच्या दिवशी ह्या माणसाने आपल्याकडे एकदाही धड पाहिलं नाही, पाहुणे मोजत होता; आणि वर रात्री येऊन सांगितलं की तुझ्या वडिलांचा आकडा सातने चुकलाय.

विभागाचं मोजणीचं एक नियमपुस्तक होतं. आधीच्या मोजणीदाराकडून ते मामांच्या हाती आलं तेव्हाच त्याला पुठ्ठा नव्हता. त्यातला पहिला नियम लांबलचक होता, पण मतलब एवढाच : रस्त्यावर खडूने रेषा मारावी आणि ती जे वाहन ओलांडेल ते मोजावं. ते कुणाचं आहे, कुठे निघालंय, कशाला निघालंय, ह्या चौकशा मोजणीदाराने करू नयेत. मामांनी तो नियम चार शब्दांत बसवला होता, "रेषा ओलांडली की एक." विभागात रुजू होणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला ते हे ऐकवायचे, आणि इंजिनिअर माना डोलवून त्यांच्याच खुर्चीवर बसायचे. मग पट्टी तुटल्याचं त्यांना कळायचं.

मामांची थोरली बहीण, जिला सगळा चौक ताई म्हणायचा, तिची त्याच चौकात लाँड्री होती. खाली दुकान, मागे धुण्याचा हौद, वर गच्ची आणि गच्चीवर अकरा दोऱ्या. ताई फक्त पांढरे कपडे घ्यायची. रंगीत कपडे धुणं म्हणजे मळ लपवून परत देणं, असं तिचं स्वच्छ मत होतं, आणि ते ती रंगीत कपडे घालून आलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. दातांच्या डॉक्टरांचे कोट, दोन लॉजच्या चादरी, वेटरांचे शर्ट, एका बँडवाल्यांच्या विजारी, एवढ्यावर तिचं तीस वर्षं चाललं होतं. धुतलेला शर्ट गच्चीवरून उतरला की ती कॉलरवरून अंगठा फिरवायची आणि तो अंगठा खिडकीच्या उजेडात धरायची. अंगठा कोरा, तर शर्ट इस्त्रीला. नाहीतर परत हौदात. दोघा बहीणभावांची पोटं अंगठ्यावर चालली होती म्हणायला हरकत नाही.

चौकातलं सर्कल तेव्हा जुनं होतं. म्हणजे काय, तर विटांचं एक गोल कडं, मधोमध दिव्याचा खांब, खांबाभोवती गवत आणि गवतात कुणाची तरी एका पायाची चप्पल. भोवती एकाच गाडीला जागा. चारी रस्त्यांनी गाड्या यायच्या, सर्कल दिसलं की आपसूक हळू व्हायच्या, आत फिरणाऱ्याला पुढे जाऊ द्यायच्या आणि फट मिळाली की शिरायच्या. कुणी थांबत नव्हतं, कुणी पळतही नव्हतं. त्या सर्कलचा कधी सत्कार झाला नाही, त्याचा फोटो कुणी काढला नाही. काम नीट करणाऱ्याच्या वाट्याला येतं तेच त्याच्या वाट्याला आलं होतं.

तीन वर्षांपूर्वी विभागात नवे मोठे साहेब आले. साहेब त्याआधी आठ दिवसांचा परदेशी अभ्यासदौरा करून आले होते आणि त्या आठ दिवसांत त्यांनी सर्कलचे दोनशे फोटो काढले होते. सरकारी कागदात सर्कलला वाहतूक बेट म्हणतात. आपल्या कारकिर्दीत एक तरी भव्य बेट व्हावं, ही साहेबांची इच्छा. आडवा आला तो नियम. दिवसाला नऊ हजारांवर वाहनं असली तरच दोन लेनचं मोठं बेट बांधता येतं. त्याखाली असली तर एका लेनचं छोटंच. ताईच्या चौकात किती वाहनं आहेत? साहेबांनी मामांना पाठवलं.

मामांनी ताईच्या पायरीसमोर, सर्कलच्या आतल्या रस्त्यावर खडूची रेषा मारली, खुर्ची मांडली आणि आठ दिवस मोजणी केली. ताईने दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं की दुकानासमोर असा अंगठा हलवत बसायचे तुला खरोखर पैसे देतात का.

आता ह्या चौकाच्या समोरच्या कोपऱ्यावर एक ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूलच्या चार गाड्या आणि एक मास्तर. बाकीचे गुरुजी मास्तरने ठेवलेले, शिकवण मात्र त्याची एकट्याची : ज्याला सर्कल जमलं त्याला जग जमलं. म्हणून प्रत्येक शिकाऊ माणसाला तो सर्कलभोवती सोडून द्यायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या चार गाड्या गरगर फिरायच्या. तासाला एकेकीच्या शंभर फेऱ्या आरामात व्हायच्या. तासाभराने शिकाऊ माणूस खाली उतरायचा आणि दुकानाच्या भिंतीला धरून उभा राहायचा, जग जरा स्थिर होईपर्यंत.

पहिल्या दिवशी मास्तरने मामांना प्रत्येक फेरीला हात केला. दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी तोही कंटाळला. मामांचा अंगठा मात्र कंटाळला नाही. तीच गाडी, तोच मास्तर, स्टिअरिंगवर तीच बँकेतली कारकून बाई, डोळे मिटल्यासारखे करून बसलेली. रेषा ओलांडली, एक. परत आली, एक. मामांना ह्या गाड्या ओळखू येत नव्हत्या असं नाही. चौथ्या दिवसापर्यंत बाईचा क्लच कधी सुटतो हेही त्यांना पाठ झालं होतं. चहाच्या सुट्टीत त्यांनी एकदा नियमपुस्तक उघडून पाहिलं. तीच गाडी परत आली तर काय, हे त्यात कुठेच नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याला असं शहाणपण सुचणारा मास्तर कधी भेटला नसावा. साहेबांना लिहून विचारता आलं असतं, पण खुर्चीच्या अर्जाचा अनुभव ताजा होता. मामांनी पुस्तक मिटलं आणि अंगठा कामाला लावला.

सरासरी आली दिवसाला नऊ हजार सातशे. साहेबांनी मामांच्या पाठीवर थाप मारली, जी मामांच्या नोकरीतली पहिलीच. मामांनी घरी येऊन ती मामींना सांगितली. एकच थाप होती, हेही सांगितलं.

वर्षभरात भव्य बेट उभं राहिलं. दोन लेन. मधोमध कारंजं आणि कारंज्यात स्टीलचं एक वाकडं शिल्प, जे उद्घाटनाच्या पत्रिकेनुसार झेप घेणारं शहर होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनुसार वाकलेला चमचा. शिल्प आणि त्याभोवतीची झुडपं इतकी दाट, की समोरून काय येतंय ते दिसेना. आतल्या लेनचा माणूस बाहेर कसा पडणार हे कुणालाच ठरवता येईना, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात अकरा गाड्यांनी एकमेकींना घासलं. साहेबांनी त्यावर तोडगा काढला. चार सिग्नल बसवले, सर्कलच्या आतच. चारही सिग्नल आपापल्या मनाने चालायचे. बाहेर थांबायचं, आत शिरून परत थांबायचं, बाहेर पडता पडता तिसऱ्यांदा थांबायचं. शेवटी हवा मोजायची एक पेटी बसवली. ती बसवायला विजेची तार हवी होती आणि तार कारंज्याच्या पंपापाशी होती, म्हणून पेटी कारंज्याच्या तुषारांतच बसवली. पेटी दिवसभर आंघोळ करायची आणि तिला जोडलेला फलक दिवसभर सांगायचा, "हवा : समाधानकारक."

ताईच्या अंगठ्याचं मत वेगळं होतं.

आधी तिला साबणाचा संशय आला. साबण बदलला. मग पाण्याचा आला, हौद घासला. मग धुणाऱ्या बाईचा आला, आणि ती बिचारी सोडूनच गेली. शेवटी एका सकाळी ताई गच्चीवर स्टूल टाकून बसली, आपल्याच चादरींवर पहारा ठेवायला. सिग्नल लाल झाला, खाली ट्रक थांबला. हिरवा झाला, ट्रकने पहिल्या गिअरमध्ये अंग उचललं, आणि मागच्या नळीतून जे काळं निघालं ते सरळ वर येऊन लॉजच्या चादरींत बसलं. वीस पावलांवर पुढचा सिग्नल लाल. परत तेच. चालती गाडी नुसती जाते. थांबलेली गाडी उठताना खाकरते, हे ताईला त्या स्टुलावर कळलं. ती कुठल्या अभ्यासदौऱ्याला गेली नव्हती.

दातांचे डॉक्टर गेले. त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं की राखाडी कोट पाहून पेशंट तोंड उघडत नाहीत. मग एक लॉज गेलं. बँडवाले टिकले, कारण त्यांच्या विजारींकडे कुणी पाहत नाही. ताई दोरीवर चादर घालायची तेव्हा ती पांढरी असायची आणि काढायची तेव्हा कुणीतरी वापरून परत दिल्यासारखी दिसायची.

मामांच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते तेव्हा ताईने त्यांना बोलावून घेतलं. दुकान महिनाअखेर बंद करतेय, म्हणाली, पाटी उतरवायला तुझा हात लागेल. शिडी शेजारून मागवलीय. तिच्या आवाजात रडारड नव्हती, हिशेबीपणाही नव्हता. इस्त्री थंड झाल्यावर बाजूला ठेवतात तसा तो आवाज होता. मामांनी दुसरीकडे जागा बघण्याबद्दल काहीबाही सुचवलं. ताई म्हणाली की अकरा दोऱ्यांची गच्ची आणि ओळखीची वीस गिऱ्हाइकं पेटीत घालून हलवता येत असतील तर बघ. मामांनी मग वाहतूक वाढलीय त्याला कोण काय करणार, असं विभागीय तोंड केलं.

"कुठे वाढलीय?" ताई म्हणाली. "उलट कमी झालीय. मास्तरच्या चार गाड्या दिवसभर इथे घाण्यासारख्या फिरायच्या, त्यासुद्धा सिग्नल लागल्यापासून यायच्या बंद झाल्या. त्या सोडल्या तर जेवढ्या होत्या तेवढ्याच आहेत."

मामांनी कप खाली ठेवला आणि मनातल्या मनात गुणाकार सुरू केला.

त्या रात्री जेवताना त्यांनी नेहमीसारखे चमचे मोजले नाहीत. मामींनी आधी ताप आहे का पाहिलं. चार गाड्या, तासाला शंभर, दिवसाचे नऊ तास : तीन हजार सहाशे. नऊ हजार सातशेतून तीन हजार सहाशे गेले की उरतात सहा हजार शंभर. सहा हजार शंभरला छोटं सर्कल लागतं. म्हणजे जे होतं ते. मोठं बेट, चमचा, कारंजं, सिग्नल, थांबणं, धूर आणि ताईची शिडी, हे सगळं मास्तरच्या चार खटाऱ्यांवर उभं होतं. आणि त्या खटाऱ्यांना रांगेत उभं करून मोठं बेट मागायला लावणारा अंगठा ह्याच घरात भात कालवत होता.

मामा भले असले तरी विभागात तीस वर्षं काढलेले होते. चूक कबूल करण्याआधी ती कबूल न करता काम होतंय का, हे पाहायची पद्धत त्यांना माहीत होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते ताईच्या पायरीवर बसले आणि नोकरीत पहिल्यांदाच दोन काउंटर घेऊन बसले. उजव्या हाताने गाड्या मोजल्या. डाव्या हाताने, जो ह्या कामाला अगदी नवखा होता, थांबणं मोजलं. सर्कल पार होईपर्यंत गाडी जितक्यांदा थांबेल तितक्यांदा एक. दोन तासांत गाड्या झाल्या एक हजार बारा. थांबणं दोन हजार नऊशे सत्तेचाळीस. डावा अंगठा सुजला. ताईने त्यावर स्वतः बर्फ धरला, जे तिच्या बाबतीत प्रेमाचं लक्षण होतं.

साहेबांनी कागद पाहिला. एका गाडीमागे जवळपास तीनदा थांबणं, हे वाचून ते म्हणाले की तक्त्यात वाहनांचा रकाना आहे, थांबण्याचा रकाना नाही. हा आकडा भरायचा कुठे? आणि हवेचं म्हणाल, तर फलक काय सांगतोय ते सगळं शहर वाचतंय.

पाच दिवसांनी कारंज्याचा पाइप फुटला.

पाइप कुठून जातोय ह्याचा नकाशा होता, पण तो पाइपला माहीत नसावा. शोधता शोधता कामगारांनी बाहेरची लेन पुरी गोल खणली, त्यात सिग्नलच्या केबली तुटल्या, आणि शिल्पाभोवतीची झुडपं चिखलात आडवी झाली. खड्ड्याच्या कडेने वाळूची पिंपं लावली. आत उरली एक लेन. चारही सिग्नल मेले. सगळ्यांना वाटलं आता चौकाचे बारा वाजणार. वाजले नाहीत. गाड्या यायच्या, पिंपं पाहून हळू व्हायच्या, आतल्याला जाऊ द्यायच्या आणि फट मिळाली की शिरायच्या. मामा धावत पायरीवर आले. दोन तासांत एक हजार एकेचाळीस गाड्या. थांबणं एकसष्ट, त्यातली अकरा तर इथे काय झालंय हे विचारायला.

तिसऱ्या दिवशी ताईने दोरीवरून चादर उतरवली, अंगठा फिरवला, खिडकीपाशी गेली. मग दुसरी चादर घेतली. मग भावाला हाक मारून त्याच्या नाकासमोर आपला अंगठा धरला. कोरा होता.

फलकावर मात्र त्याच दिवशी पहिल्यांदा अक्षरं बदलली : "हवा : खराब." कारंजं बंद पडल्यावर पेटीची आंघोळ थांबली होती, आणि शेजारी खोदकामाची माती उडत होती. चौकातली हवा बेट झाल्यापासून प्रथमच बरी झाली होती, आणि पेटीलाही तिची बातमी प्रथमच लागली होती, ती अशी. साहेबांचा फोन दिवसभर खणखणत राहिला. संध्याकाळी मामांना बोलावणं आलं.

साहेबांनी सगळं तयार ठेवलं होतं. बाहेरची लेन परत बांधायची, सिग्नल नवे, कारंजं मोठं. कामाचा आदेश टाइप झाला होता. फक्त नव्या नियमाप्रमाणे जुन्या मोजणीचा दाखला जोडावा लागत होता : नऊ हजार सातशे हा आकडा बरोबर आहे, खाली मोजणीदाराची सही. एका ओळीचा कागद. शेजारी दुसरा कागद होता, तो साहेबांनी मुद्दाम दिसेल असा ठेवला होता. निवृत्तीचं प्रमाणपत्र, सोनेरी कडेचं. त्यात लिहिलं होतं की मोजणीदाराने तीस वर्षं अचूक सेवा केली. विभागात तो शब्द आजवर कुणाच्या प्रमाणपत्रात छापला गेला नव्हता. चपराशापासून आराखडेवाल्यांपर्यंत सगळ्यांनी तो आधीच वाचून मामांना सांगितला होता, आणि मामींनी भिंतीवर खिळाही मारून ठेवला होता.

मामांनी पेन उचललं. परत ठेवलं.

"साहेब, चौकात तेवढ्या गाड्या नव्हत्या."

"मग तुम्ही मोजलं काय?"

"गाड्याच. पण त्यातल्या चार पुन्हा पुन्हा."

साहेबांना समजायला वेळ लागला. मामांनी ड्रायव्हिंग स्कूल सांगितलं, मास्तर सांगितला, बँकेतली बाईसुद्धा सांगितली. साहेबांनी कागदावर गुणाकार केला, तो चुकला, मामांनी दुरुस्त केला.

"आणि हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"मास्तर हात करायचे, साहेब."

 मग साहेब अगदी मऊ आवाजात बोलले. मामा, तुमचे आठ दिवस उरलेत. कशाला अंगावर ओढून घेता? नियमात काय लिहिलंय? रेषा ओलांडली की एक. तुम्ही नियम पाळलात. मग आकडा बरोबरच की. करा सही. तुमच्याच तोंडून मी हे वाक्य शिकलो.

हे मात्र खरं होतं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडात इतकं घाणेरडं दिसतं, हे मामांना माहीत नव्हतं. त्यांनी दाखल्याचा कागद ओढला आणि सहीच्या जागी, आपल्या बारीक आकडेमोडी अक्षरात, लिहिलं : ही मोजणी चुकीची आहे. शिकाऊ चार गाड्या रोज तीन हजार सहाशे वेळा मोजल्या गेल्या. खरी वाहनं सहा हजार शंभर. चूक मोजणीदाराची. त्याखाली सही केली.

"प्रमाणपत्र छापून झालंय हो," साहेब म्हणाले.

"खोडा, साहेब."

आता खरी पंचाईत विभागाची झाली. तो कागद फाडावा, तर नोंदवहीत त्याचा क्रमांक पडला होता. मान्य करावा, तर भव्य बेट कुणी आणि का बांधलं हा प्रश्न निघत होता, आणि तो निघाला की दोनशे फोटोंपर्यंत जाऊन पोचत होता. नवी मोजणी करावी, तर मोजणीदार एकच आणि तो आठ दिवसांत घरी बसणार. नव्या मोजणीदाराची भरती विचाराधीन. साहेबांनी अखेर तेच केलं जे अशा वेळी करतात. कागद फाइलीत घातला, फाइल कपाटात, आणि चौकातल्या कामाला शेरा दिला : पुढील आदेशापर्यंत सध्याची तात्पुरती व्यवस्था कायम ठेवावी.

नगरपालिकेत कायमचं काय ते तात्पुरतंच असतं. कंत्राटदाराने खड्डा बुजवला, पिंपं होती तिथेच राहू दिली, आणि महिनाअखेरीपर्यंत दोन पिंपांत गवत उगवलं. शिल्पाला पाणी नसल्यामुळे ते आता सगळ्यांच्या मते चमचाच होतं. फलक बंद पडला. पेटीत कोळ्याने जाळं केलं. हे सगळं ज्या कागदामुळे झालं तो साहेबांखेरीज कुणी वाचला नाही, आणि न वाचल्यामुळेच झालं.

ताईने शिडी परत पाठवली. दातांच्या डॉक्टरांना तिने स्वतः जाऊन एक कोट दाखवला आणि अंगठाही दाखवला. ते म्हणाले पाठवतो. तिने सांगितलं की मधल्या काळात दुसरीकडे धुतलेले कोट आधी दोनदा धुवावे लागतील.

निरोपाच्या दिवशी मामा ताईकडची इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून गेले. कार्यक्रम छोटा झाला. साहेब आले नाहीत, त्यांना बैठक होती. घड्याळ मिळालं आणि प्रमाणपत्र मिळालं. त्यात "अचूक" ह्या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. उजेडासमोर धरलं की आतला शब्द दिसायचा. काउंटर परत घेतला. खुर्ची मात्र घेऊन जा म्हणाले, तिची कुठे नोंद नव्हती.

संध्याकाळी ते ती खुर्ची घेऊन ताईच्या पायरीवर आले. ताईने आधी त्यांना फिरवून कॉलरवरून अंगठा ओढला आणि खिडकीपाशी गेली. दिवसभर अंगावर असलेला शर्ट, दोनदा चौक ओलांडलेला. तिने अंगठा पदराला पुसलासुद्धा नाही. घरी प्रमाणपत्र लावणार का, असं तिने विचारलं. मामा म्हणाले की खिळा मारलेलाच आहे, काहीतरी लावावं लागेल.

पिंपांच्या आतून गाड्या हळूहळू फिरत होत्या. मास्तरलाही बातमी लागली होती. त्याची एक गाडी परत आली होती, चालवायला एक नवीन मुलगी, दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलेलं की ते पळून जाईल. गाडी पायरीसमोरून गेली. मामांचा अंगठा गुडघ्यावर दाबला गेला. गाडी गोल फिरून परत आली. मास्तरने हात केला. अंगठा उचलला गेला आणि तसाच राहिला.

"ही मघाचीच," मामा म्हणाले.

"लवकर कळलं," ताई म्हणाली आणि पुढच्या चादरीवर पाणी शिंपडायला लागली.